कणा मोडलेला दिसतो, आटलेली धमनी कोण मोजणार?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर चाललेल्या एका दाव्यात विमा कंपनीच्या वकिलांनी डॉक्टर साक्षीदाराला उलटतपासणीत एक प्रश्न विचारला. "अर्जदाराच्या दोन्ही पायांत अपघाताच्या दिवसापासून ताकद नाही, संवेदना नाही, असे तुम्ही सरतपासणीत सांगितले आहे. मग त्याच पायांतल्या रक्तवाहिन्यांचे पुढे काय झाले, याने या दाव्यात काय फरक पडतो?" डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तसा फार नाही." कारकुनाने ते टंकून घेतले. अर्जदाराचे वकील आम्ही. खरे सांगायचे तर त्या दिवशी आमच्याजवळही या प्रश्नाचे पुरते उत्तर नव्हते. घरी येऊन आम्ही वाचायला बसलो, ओळखीच्या दोन डॉक्टरांना त्रास दिला, आणि मग लक्षात आले की तो प्रश्न जितका साधा वाटतो तितकाच तो घातक आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या हजारो गरीब माणसांची नुकसानभरपाई, त्यांचे उपचार आणि त्यांचे आयुष्य याच प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरावर कापले जात आहे.

आमचा पक्षकार गवंडीकाम करणारा, वय वर्षे ३१. कामावरून परतताना टेम्पोच्या हौद्यात सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर बसला होता. टेम्पो उलटला. पाठीच्या कण्यातला छातीमागचा पाचवा मणका मोडला आणि छातीच्या खाली देह असून नसल्यासारखा झाला. तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला, जिल्ह्याहून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, असा प्रवास झाला. एमआरआय झाला तो पाचव्या दिवशी. आमच्या वस्त्यांमध्ये अशी माणसे आम्ही मोजून दाखवू शकतो. परांचीवरून पडलेले, झाडावरून पडलेले, विहिरीच्या कामात पडलेले, टेम्पो-ट्रॅक्टरमधून फेकले गेलेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात दीड कोटीहून अधिक लोक मज्जारज्जूची इजा घेऊन जगत आहेत आणि यातल्या बहुतेक इजा रस्ते अपघात, पडणे आणि हिंसा या टाळता येण्याजोग्या कारणांनी झालेल्या आहेत. पडायची वेळ कोणावर येते, हे आम्ही वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

मज्जारज्जू म्हणजे विजेची तार आणि इजा म्हणजे तार तुटणे, असे सर्वसाधारण माणूस समजतो. न्यायाधीशही तसेच समजतात, आम्हीही समजत होतो. तार तुटली, दिवा गेला, विषय संपला! वस्तुस्थिती तशी नाही. मज्जारज्जू ही जिवंत गोष्ट आहे आणि तिला रक्त लागते. तिच्या पुढच्या बाजूने वरपासून खालपर्यंत एक धमनी उतरते, मागच्या बाजूला दोन बारीक धमन्या असतात, आणि वाटेत ठिकठिकाणी बाजूच्या धमन्या येऊन त्यांना भर घालतात. भर घालणाऱ्यांपैकी सर्वांत मोठी धमनी बहुधा डाव्या बाजूने, छातीच्या खालच्या मणक्यांजवळ आत शिरते. १८८० च्या दशकात आल्बर्ट अडामकेविच नावाच्या पोलिश शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले म्हणून आजही ती त्याच्या नावाने ओळखली जाते. पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे चटकन समजेल. मुख्य पाट एकच, मधूनमधून चाऱ्या येऊन मिळतात, आणि मधल्या एखाद्या ठिकाणी बांध फुटला की पुढची शेते सुकतात.

टेम्पो उलटला त्या क्षणी जे चिरडले गेले तो पहिला घाव. पण मज्जारज्जूच्या आत, करड्या भागात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. त्या फुटतात, ठिपक्याठिपक्यांनी रक्त साचते, आजूबाजूला सूज येते, सुजेने उरलेल्या वाहिन्या दाबल्या जातात, आणि पहिल्या घावातून वाचलेला भाग पुढच्या तासांत आणि दिवसांत रक्तावाचून मरतो. हा दुसरा घाव. अमेरिकेतले डॉक्टर आल्फ्रेड ॲलन यांनी १९११ साली कुत्र्यांच्या मज्जारज्जूवर ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून पाडून प्रयोग केले, आणि इजेनंतर साचलेले रक्त व मेलेला भाग वेळीच काढला तर जनावर अधिक सुधारते, असे पाहिले. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे की सगळे नुकसान अपघाताच्या क्षणी होत नाही. मात्र हा दुसरा घाव जिवंत माणसात, घडत असताना डोळ्यांनी पाहता येत नव्हता. तो शवविच्छेदनाच्या टेबलावर नाहीतर प्रयोगशाळेतल्या जनावरात दिसायचा.

इथे प्रतिमा तपासण्यांचा प्रश्न येतो. एक्स-रेने हाड दिसते. सिटी स्कॅनने हाड अधिक बारकाईने दिसते, आणि रंगद्रव्य टोचून काढलेल्या सिटी स्कॅनने मानेचा मणका मोडला असताना त्यातून मेंदूकडे जाणारी धमनी फाटली आहे काय तेही कळते. एमआरआयने प्रत्यक्ष मज्जारज्जू दिसते, सूज दिसते, रक्तस्राव दिसतो. मज्जारज्जूत रक्तस्राव दिसला तर सुधारणेची आशा कमी, हे डॉक्टर त्यावरूनच सांगतात. परंतु कुठल्या भागात या घटकेला रक्त फिरते आहे आणि कुठे थांबले आहे, हे नेहमीचा एमआरआय सांगत नाही. मेंदूसाठी अशा तपासण्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत. मज्जारज्जूसाठी अडचणी फार. ती जेमतेम करंगळीएवढी जाड, श्वासाबरोबर आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर हलणारी, चोहोबाजूंनी हाडात बंद, आणि शस्त्रक्रिया झाली असेल तर शेजारी धातूच्या सळ्या व स्क्रू. धातूजवळ एमआरआयचे चित्र विस्कटते.

अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर एक मार्ग शोधला, तो आम्हाला विशेष वाटला. त्यांनी साधी सोनोग्राफी घेतली. गरोदर बाईच्या पोटावर फिरवतात तीच ध्वनिलहरींची तपासणी. शिरेतून अतिसूक्ष्म बुडबुडे सोडले, तांबड्या पेशीएवढे किंवा तिच्याहून लहान, आत वायू आणि बाहेर पातळ कवच. हे बुडबुडे रक्तवाहिनीच्या बाहेर पडत नाहीत आणि ध्वनिलहर आदळली की झंकारतात. म्हणून जिथे रक्त पोचते तिथे पडद्यावर उजेड, जिथे पोचत नाही तिथे अंधार. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात उंदरांच्या मज्जारज्जूत इजेच्या मध्यभागी प्रवाह बंद पडलेला भाग आणि त्याच्या भोवती प्रवाह मंदावलेला भाग, असे दोन्ही वेगवेगळे दिसले. मध्यभाग गेला तो गेला. भोवतालचा पट्टा मात्र अजून वाचवता येण्याजोगा असू शकतो. मर्यादाही लगेच सांगतो, नाहीतर कोणी उद्या सोनोग्राफी केंद्राच्या दारात जाऊन उभे राहील: ध्वनिलहरी हाडातून नीट पार होत नाहीत. म्हणून हे पाहणे शस्त्रक्रियेत मणक्याची मागची कमान काढलेली असतानाच शक्य आहे. अजून ही संशोधनाची गोष्ट आहे, रोजच्या उपचाराची नव्हे.

मग तिचा उपयोग काय? उपयोग असा. मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाचा रक्तदाब पहिले सात दिवस सरासरी ८५ ते ९० पर्यंत टिकवून ठेवावा, अशी शिफारस तज्ज्ञांच्या संघटना अनेक वर्षे करीत आल्या. २०२४ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ती थोडी सैल केली: खालची मर्यादा ७५ ते ८०, वरची ९० ते ९५, आणि मुदत तीन ते सात दिवस. यामागचा पुरावा फार भक्कम नाही, हे त्यांचे त्यांनीच मान्य केले आहे. कारण मोजायचे दंडावर किंवा मनगटावर, आणि वाचवायची मज्जारज्जू! धरण भरले म्हणजे शेवटच्या शेतात पाणी पोचलेच असे होत नाही, हे पाटबंधारे खात्याशी भांडलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. शेवटच्या शेतात जाऊन पाणी बघण्याचा मार्ग म्हणजे ही चित्रे.

मज्जारज्जूतल्या रक्ताची गोष्ट एवढी. पण विमा कंपनीचा प्रश्न पायांबद्दल होता, आणि पायांची गोष्ट आम्हाला अधिक हादरवणारी वाटली.

नेदरलँड्समधील नायमेगेन येथील विद्यापीठात मारिया होपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे एक काम केले. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसांच्या मांडीतल्या धमनीवर सोनोग्राफीचा डॉप्लर लावून तिची रुंदी आणि तिच्यातला प्रवाह मोजायचा. जुन्या रुग्णांमध्ये ही धमनी निरोगी माणसाच्या तुलनेत सुमारे तिसऱ्या हिश्श्याने अरुंद झालेली आढळते. हे घडायला किती काळ लागत असेल? आम्ही मनात धरले होते, पाच-दहा वर्षे. त्यांच्या गटाने २००६ साली नव्याने जखमी झालेल्या रुग्णांना पहिल्या आठवड्यांपासून मोजले आणि दाखवले की पायातले बहुतेक बदल पहिल्या तीन आठवड्यांतच होऊन जातात. तीन आठवडे! आमच्याकडे तेवढ्यात पोलीस पंचनाम्याची प्रतसुद्धा हातात पडत नाही. दंडातल्या आणि मानेतल्या धमनीत असा बदल दिसला नाही. म्हणजे सगळा देह आजारी पडला म्हणून हे झाले नाही; ज्या पायांचे काम थांबले त्याच पायांच्या धमन्या आटल्या. जिकडे मागणी नाही तिकडचा रस्ता शरीर स्वतःच अरुंद करते.

त्याच गटाचा त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास. विजेच्या सौम्य झटक्यांनी लुळ्या पायांचे स्नायू आकसवून रुग्णाकडून सायकल चालवून घ्यायची. दोन आठवड्यांत मांडीची धमनी रुंदावू लागली. व्यायाम बंद केला, तर आठवडाभरात ती पुन्हा पूर्वपदाकडे निघाली. आमच्या मते या एका निष्कर्षात वकिलांसाठी, डॉक्टरांसाठी आणि सरकारसाठी सगळे आले. पाय मेलेला नाही. त्यातली धमनी जिवंत आहे, ती ऐकते, काम दिले की उघडते, काम काढून घेतले की मिटते. "पाय गेले ते गेले" हे वाक्य कोर्टात कितीही ठसक्यात म्हटले तरी ते वैद्यकीयदृष्ट्या खोटे आहे. आणि हे सिद्ध करायला लागले काय? ज्याच्या हातात मोजण्याची शिस्त आहे असा एक माणूस आणि सोनोग्राफीचे यंत्र.

इथे आम्हाला एक कबुली द्यायला हवी. हे अभ्यास लहान आहेत, पाच-सहा किंवा आठ-दहा रुग्णांचे, बहुतेक पुरुष, आणि युरोपातले. बांधकामावर दिवसभर ओझे वाहणाऱ्या आमच्या मजुराची धमनी अपघाताआधी किती रुंद असते, अपुरे खाणाऱ्या बाईची किती, अपघातानंतर ती किती वेगाने आटते, हे त्या आकड्यांवरून कळणार नाही. मुंबईत हाजीअलीला शारीरिक पुनर्वसनाची केंद्रीय संस्था १९५५ पासून आहे. पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. इजा झालेली माणसे आपल्याकडे आहेत, डॉक्टर आहेत, सोनोग्राफी तर गल्लोगल्ली आहे. मग आमच्या माणसांचे मोजमाप आमच्याच भूमीत का होऊ नये? फक्त ते करताना एक पथ्य पाळावे. आमची माणसे गरीब आहेत म्हणून त्यांचे देह फुकटचे नाहीत. संमतीपत्र त्यांच्या भाषेत हवे, वाचून दाखवलेले हवे, नाही म्हटले तरी उपचार थांबणार नाहीत असे त्यात लिहिलेले हवे, आणि चित्रात काय निघाले ते ज्याच्या मांडीवर यंत्र ठेवले त्याला सांगितलेले हवे. अंगठा घेऊन फाईल बंद करण्याची सवय आम्ही पुरेशी पाहिली आहे.

आता आमच्या पक्षकाराकडे येतो. अपघातानंतर साधारण महिन्याने त्याच्या आईचा आम्हाला फोन आला. "सायेब, डावा पाय सुजल्यावानी दिसतोय. पर त्यो म्हनतो दुखत न्हाई, मग कसं कळायचं?" दुखणार कसे? छातीखाली त्याला काही कळतच नाही. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली की निरोगी माणूस कळवळतो आणि दवाखाना गाठतो. मज्जारज्जूच्या रुग्णाची ही धोक्याची घंटाच काढून घेतलेली असते. आणि पहिल्या काही महिन्यांत गुठळीचा धोका त्यालाच सर्वांत जास्त, कारण पाय हलत नाहीत, रक्त साचून राहते. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस तासाभरातही जाऊ शकतो. त्या माउलीने रुग्णालयात सांगून पाहिले. "सूज येतेच" असे उत्तर मिळाले. मग तिने शिवणाचा दोरा घेतला, दोन्ही पोटऱ्यांना गुंडाळून पाहिला आणि जिथे जिथे टोक आले तिथे गाठ मारली. दोन गाठींमध्ये दोन बोटांचे अंतर! तो दोरा तिने डॉक्टरांपुढे धरला तेव्हा डॉप्लर लिहून दिला गेला. तोही चार दिवसांनी झाला. का? तर सोनोग्राफीचे यंत्र तळमजल्यावरच्या एका खोलीत, रुग्ण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि यंत्र खोलीबाहेर काढले तर "पीसीपीएनडीटीची भानगड होईल" असे सांगण्यात आले. डॉप्लरमध्ये मांडीपर्यंत चढलेली गुठळी निघाली. तो वाचला. औषधे सुरू झाली. वाचला नसता तर मृत्यूच्या दाखल्यावर अपघातातील इजा एवढेच लिहिले गेले असते.

पीसीपीएनडीटीच्या भीतीबद्दल वकील म्हणून आम्हाला दोन शब्द बोललेच पाहिजेत. गर्भलिंग निदान रोखणारा कायदा महाराष्ट्राने सगळ्या देशाच्या आधी, १९८८ साली केला, आणि १९९४ साली केंद्राने केला. मुलींचे गर्भ मारणाऱ्या यंत्रणेला वेसण घालणारा हा कायदा आम्हाला हवा आहे, तो ढिला करा असे आम्ही कधीही म्हणणार नाही. परंतु २०१२ साली नियमांत झालेली दुरुस्ती उघडून वाचावी. फिरते यंत्र नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात, तिथल्या आंतररुग्णांसाठी वापरायला तिच्यात परवानगी आहे. म्हणजे लुळ्या पडलेल्या रुग्णाच्या खाटेपाशी यंत्र नेऊन पायाची शीर पाहायला कायदा आडवा येत नाही. एकतीस वर्षांच्या पुरुषाच्या पोटरीत कोणते गर्भलिंग निदान होणार होते? कायद्याचे नाव पुढे करून आळस झाकण्याचा हा प्रकार आहे, आणि त्याची किंमत ज्याला पाय दुखतो हेही कळत नाही असा माणूस मोजतो.

याच पक्षकाराला आणखी एक त्रास आहे, तो थोडक्यात सांगतो. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा झाली असेल तर लघवी तुंबण्यासारख्या साध्या कारणानेही इजेच्या खालच्या रक्तवाहिन्या एकदम आवळल्या जातात, रक्तदाब भडकतो, डोके फुटेल असे दुखते, चेहऱ्यावर घाम येतो. वेळेत कारण दूर केले नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे मज्जारज्जूची इजा ही नुसती हातापायांची इजा राहत नाही, ती रक्ताभिसरणाचीही इजा ठरते. आज दीर्घकाळ जगणाऱ्या अशा रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार आहेत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे रुग्ण मूत्रपिंड सडून आणि पाठीला जखमा होऊन मरत. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडविलला लुडविग गुटमन यांनी त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावले आणि माणसे जगू लागली. ती जगू लागली म्हणून पुढचा प्रश्न उभा राहिला.

आता कायद्याच्या दारात या. अपंगत्वाचे प्रमाणपत्र म्हणजे एक टक्केवारी. आमच्या हातातून आजवर गेलेल्या अशा प्रमाणपत्रांपैकी एकातही रक्तवाहिनीविषयी एक अक्षर आम्ही वाचलेले नाही. ताकद किती, संवेदना किती, लघवी-शौचावर ताबा आहे की नाही, संपले. ही टक्केवारी शंभर असो की ऐंशी, पुढच्या तीस वर्षांत त्या माणसाला कशाकशावर खर्च करावा लागेल हे ती सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात जखमी माणसाच्या भरपाईची शिस्त घालून दिली. कमाईचे नुकसान वेगळे, भविष्यातला वैद्यकीय खर्च वेगळा, आयुष्यातल्या सुखांना मुकणे वेगळे, आयुर्मान घटणे वेगळे. पण त्याच निकालात असेही म्हटले आहे की या भविष्यकालीन बाबींची भरपाई गंभीर इजेत आणि अर्जदाराच्या म्हणण्याला पुष्टी देणारा नेमका वैद्यकीय पुरावा असेल तेव्हाच द्यावी. आमचे बहुतेक दावे इथेच मार खातात. नेमका पुरावा कुठून आणायचा? डिस्चार्ज कार्डावर चार ओळी आणि सही. श्रीमंताच्या दाव्यात तपासण्यांची चळत असते, गरिबाच्या दाव्यात आईची साक्ष असते आणि तिला "तुम्ही डॉक्टर आहात का?" असे विचारून बसवले जाते.

डॉप्लरचा अहवाल हा नेमका पुरावा आहे. धमनीची रुंदी मिलिमीटरमध्ये, प्रवाह आकड्यात, तारीख वर छापलेली. तज्ज्ञाचे मत म्हणून तो पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ खाली येत असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली येतो. व्यायाम दिला तर धमनी टिकते, थांबवला तर आठवड्यात मागे जाते, हे दाखवता आले तर फिजिओथेरपीचा खर्च सहा महिन्यांचा एकरकमी ठोकताळा राहत नाही. तो आयुष्यभराचा खर्च म्हणून गणावा लागतो. आमच्या तरुण वकील मित्रांना आम्ही हेच सांगतो आहोत की दावा दाखल करताना फक्त अपंगत्वाचे प्रमाणपत्र जोडून मोकळे होऊ नका. मांडीच्या धमनीचे मोजमाप पहिल्या महिन्यात एकदा आणि वर्षाने एकदा करून घ्या. रक्तदाबाच्या झटक्यांच्या नोंदी घरच्यांना तारखेसह वहीत लिहायला लावा.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातग्रस्तांसाठी विनारोकड उपचाराची योजना अधिसूचित केली. दीड लाख रुपयांपर्यंत, जास्तीत जास्त सात दिवस. योजना चांगली आहे, तिचे आम्ही स्वागत करतो. परंतु वर सांगितलेला हिशेब आठवा. पायाच्या धमन्या आटतात त्या तीन आठवड्यांत. गुठळीचा धोका टिकतो तो महिनोनमहिने. सात दिवस हा आकडा हाड जोडण्याच्या शस्त्रक्रियेला पुरेल. मज्जारज्जूच्या रुग्णासाठी तो कोणत्या वैद्यकीय आधारावर ठरवला, हे कोणीतरी विचारले पाहिजे. आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज तयार करीत आहोत. या रुग्णांसाठी मुदत निदान चार आठवडे करा, त्यात सुरुवातीचा एमआरआय आणि संशय येताच खाटेपाशी डॉप्लर हे दोन्ही समाविष्ट करा, अशी मागणी वेगळ्या निवेदनात करणार आहोत. तालुक्या-तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातल्या अशा रुग्णांच्या तारखा आम्हाला कळवाव्यात: अपघात कधी, एमआरआय कधी, पहिला डॉप्लर कधी. नावे नकोत, तारखा हव्यात.

कोणी म्हणेल, जिथे साधी लघवीची नळी वेळेवर बदलली जात नाही तिथे तुम्ही धमनीचे मिलिमीटर कसले मोजता? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. कुशीवर वळवणे, नळी, गादी, स्वच्छता हे आधी, यात वाद नाही. पण आधी हे आणि नंतर ते, असे सांगून गरिबाच्या वाट्याला नेहमी फक्त आधीचे येते, आणि तेही अर्धवट. सोनोग्राफीचे यंत्र त्याच इमारतीत होते. ते तीन मजले वर आणायचे होते.

सदर दाव्यात आम्ही अर्ज दिला आहे. अर्जदाराच्या दोन्ही मांड्यांतल्या धमन्यांची आणि शिरांची डॉप्लर तपासणी शासकीय रुग्णालयात करून अहवाल मागवावा, आणि डॉक्टर साक्षीदारांना फेरतपासणीसाठी पुन्हा बोलवावे, अशी त्यात विनंती आहे. विमा कंपनीने लेखी हरकत घेतली आहे: विलंबाचा हेतू, अनावश्यक खर्च, इत्यादी. युक्तिवाद पुढच्या तारखेला आहे. त्या आईने दोन गाठींचा दोरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आमच्याकडे आणून दिला आहे. तो आम्ही कागदपत्रांच्या यादीत शेवटच्या क्रमांकावर लावला आहे.